हा ढोल कुणाचा?

आक्कांनी बोट वर केलं की समोरच्यानं गप्प बसायचं, हा लातूरच्या आमच्या गल्लीतला अलिखित नियम होता. मग समोर गिऱ्हाईक असो, दूधवाला असो, की त्यांचे स्वतःचे यजमान असोत. बोट वर, मान थोडी तिरकी, डोळे मिटलेले. रस्त्यावरून एखादी बिघडलेली रिक्षा फटफटत चाललेली असायची, नाहीतर समोरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकून कुरकुरत असायचं. तो आवाज पुरता ऐकून झाला की आक्का डोळे उघडून निकाल द्यायच्या. "घेण्यासारखा हाय." किंवा, "सोडून द्या, पोकळ हाय." आणि मग तुरीच्या डाळीचं बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू.

नाव त्यांचं महादेवी. माहेर उदगीरचं, सासर लातूरचं, दोन्हीकडं दुकानदारी. तोंडावर सगळे आक्का म्हणायचे आणि पाठीमागं लूपवाल्या आक्का. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडलं होतं. "गुळवाले हायत, तेलवाले हायत, मी लूपवाली. बिघडलं कुठं?" असं त्या म्हणायच्या.

मी मूळची हदगावची. लातूरच्या एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागले आणि आक्कांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच रविवारी दुपारी जेवून जरा पडले, तर खालून धडधड सुरू झाली. माझ्या मांडणीवरचे पेले थरथरायला लागले. तक्रार करायची म्हणून तणतणत खाली गेले. गल्ल्यावर आक्कांचे यजमान पेपर वाचत बसले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांनी पेपरातून डोकं न काढता अंगठ्यानं मागच्या गोदामाकडं खूण केली.

गोदामात डाळीच्या पोत्यांची थप्पी होती, थप्पीला लागून एक टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि दोन मोठे स्पीकर. समोर इरकल नेसलेल्या, कपाळभर विभूती लावलेल्या एक बाई डोक्यावरचा पदर न ढळू देता त्यावरूनच हेडफोन घालून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हेडफोन काढला.

"तू वरची मास्तरीण ना? बरं झालं आलीस. ह्ये ऐक."

मी काही बोलायच्या आत हेडफोन माझ्या कानांवर होता. आत एक ढोलकी वाजत होती, तिच्याखाली कसलासा घुमारा, आणि मधूनच एक टण्ण असा आवाज, जो माझ्या ओळखीचा होता पण नेमका सांगता येत नव्हता.

"हे टण्ण काय आहे?" मी विचारलं.

"अप्पांचा तराजू," आक्का म्हणाल्या. "जुना, लोखंडी. पारडं आपटलं की असा बोलतो."

तक्रार तशीच राहून गेली. अंधार पडेपर्यंत मी तिथंच बसले होते.

हे सगळं सुरू कसं झालं, तर लॅपटॉप घेतला होता दुकानाची जीएसटीची बिलं करायला. आक्का ज्या महिला भजनी मंडळात गायच्या, तिथला तबलेवाला मुलाकडं हैदराबादला राहायला गेला. भजनं ठेक्याविना पांगळी झाली. तेव्हा उदगीरच्या भाच्यानं त्यांना गाणी बांधायचं एक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून दिलं. त्यात तयार आवाजांचा ढीगच होता. सॅम्पल म्हणजे सुटा आवाज, ढोलाचा एक ठोका, घुंगराची एक छुमक. लूप म्हणजे कुणीतरी आधीच वाजवून, नेमका कापून ठेवलेला तुकडा, जो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि सांधा कळतही नाही. असे तुकडे एकाखाली एक लावायचे, की गाणं उभं राहतं. आक्कांनी भजनासाठी एक तबल्याचा लूप शोधायला म्हणून ते उघडलं आणि पुन्हा कधी बंद केलं नाही.

मी हार्मोनियम शिकलेली. गुरुजींच्या हातचा मार खाऊन अलंकार घोटलेली. मला हे तयार तुकडे जोडणं म्हणजे विकतच्या पिठाच्या इडल्यांसारखं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आक्का रागावल्या नाहीत.

"डाळ मी कुठं पिकवते?" त्या म्हणाल्या. "पोत्यातनं काढते, निवडते, फोडणी देते. तू जेवताना कधी इचारलंस का, ह्या डाळीचं रान कुणाचं म्हनून? चव लागली की झालं."

आणि निवडणं म्हणजे काय हे मी त्यांच्याकडंच पाहिलं. शंभर लूप ऐकून नव्व्याण्णव टाकतील. उरलेला एक कापतील, उलटा करतील, संथ करतील. भरगच्च ठेक्यातून एखादा ठोकाच उपटून फेकतील आणि तिथं जागा मोकळी सोडतील. "नाचणाराला श्वास घ्यायला जागा नको का?" फार काही भरलं की माहेरची कानडी तोंडावर यायची. "साकू, साकू. बास झालं. आता काढायला लाग."

माझं गाणंही त्यांनी असंच सोललं. पहिल्यांदा त्यांच्या माइकसमोर गायले तेव्हा मी फारच नीटनेटकी गायले असणार. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज बरा हाय तुझा. पण तू गाताना परीक्षा देऊन राहिलीस. लातुरात सगळेच परीक्षा देऊन राहिलेत, तू तरी सोड." मग त्यांनी मला डाळ निवडायला बसवलं आणि निवडता निवडता गायला लावलं. माइक चालू होता हे मला नंतर कळलं.

तेच आमचं हळदीचं गाणं. आक्कांच्या भाचीच्या लग्नासाठी केलेलं. शब्द त्यांचेच होते, "उदगीरच्या वाटंला हळद सांडली, लातूरच्या पोरानं वरात मांडली," असे सरळ, तोंडात बसणारे. गाण्याचा प्राण होता एक ढोल. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या लूपांच्या एका गठ्ठ्यात तो आक्कांना सापडला होता. दांडगा, मोकळा, जरासा खरखरीत ढोल. तो सुरू झाला की पाय आपोआप उचलायचे. लग्नात गाणं वाजलं, तिथल्या डीजेनं ते मागून घेतलं, आणि पुढच्या लग्नसराईत ते अहमदपूर, देगलूर, नांदेडपर्यंत जाऊन पोचलं. आमच्याच रस्त्यावरून वरात जायची आणि त्यात आमचं गाणं असायचं. मी आणि आक्का गॅलरीत धावायचो. अनोळखी माणसं आपल्या गाण्यावर घामाघूम होऊन नाचताना पाहण्यात काय सुख असतं, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. आक्का तर कठड्यावरून इतक्या वाकायच्या की मी त्यांचा पदर धरून ठेवायची.

आणि ऐन त्या भरात फेरोजभाई आले. ते नांदेडचे, वरातीची गाणी बनवण्यात त्या भागात त्यांचं नाव मोठं. दुकानात येण्याआधीच त्यांनी इंटरनेटवर फिरणाऱ्या आमच्या गाण्याच्या व्हिडिओखाली सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं होतं, की लातूरच्या बाईंनी आपला ढोल चोरला. नातेवाइकांत ते फिरलं. भजनी मंडळाच्या सर्वांत वडील बाई, ज्यांना सगळ्या थोरल्या बाई म्हणत, त्यांनी आक्कांना निरोप धाडला, की भजनाला या, पण तो लॅपटॉप आणू नका, देवापुढं चोरीचा ताल नको. आक्का दोन दिवस गोदामात गेल्या नाहीत. अप्पांनी फक्त एवढंच विचारलं, "माप आपलं खरं हाय का?" त्या "हाव" म्हणाल्या. "मंग येऊ दे कोन येतंय ते," अप्पा म्हणाले.

फेरोजभाई आले ते तापलेलेच. "आक्का, बुरा मत मानो, पर ढोल मेराच है. दो साल पहले का गाना है मेरा."

आक्कांनी त्यांना चहा दिला. मग गोदामात नेलं. त्यांचं गाणं लावलं, आमचं लावलं. ढोल एकच होता, यात शंका नव्हती. मग त्यांनी लॅपटॉपवर तो लूपांचा गठ्ठा उघडला आणि त्यातला तो मूळ तुकडा नुसता वाजवला. फेरोजभाई ऐकत राहिले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले.

"मैं भी यहीं से लिया था," ते म्हणाले.

"म्हंजे तुमचापन न्हाई आन माझापन न्हाई," आक्का म्हणाल्या.

फेरोजभाई दिलदार माणूस. त्यांनी तिथंच मोबाईलवर व्हिडिओ काढला, आमची चूक नाही असं साफ सांगितलं आणि हात जोडले. माझ्या दृष्टीनं विषय मिटला होता. आक्कांच्या मात्र तो आता सुरू झाला होता. त्या एकटक त्या पडद्याकडं पाहत होत्या. तिथं त्या तुकड्याचं नाव म्हणून नुसता एक आकडा होता.

"मंग हा ढोल कुणाचा?" त्या म्हणाल्या. "कुनीतरी मानूस बसून वाजवला असंल ना? त्याचं नाव काय?"

त्या गठ्ठ्याच्या मालकांना आम्ही ईमेल केला. इंग्रजी माझं, तळमळ आक्कांची. उत्तर आलं, अगदी सभ्य. तुकडा कुणीही वापरावा, हरकत नाही, पण वाजवणारा कोण हे आता कुणालाच माहीत नाही. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आक्कांनी तो तुकडा पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाल्या, "त्याच्या घरच्यांना कसं कळावं गं, की त्याचा ढोल आमच्या वरातीत नाचून राहिलाय?" त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या माझ्या दारात उभ्या होत्या, पूजा आटोपून, पिशवी भरून. आता तयार लूप घ्यायचे नाहीत असं नव्हे, घ्यायचे, पण आपणही बनवायचे, आणि वाजवणाऱ्याच्या नावासकट. "चल. तुमच्या हदगावच्या अंगाला ढोल वाजवनारं कोन हाय, सांग."

माझा मामेभाऊ किनवटकडं इस्लापूरजवळच्या आश्रमशाळेत शिक्षक होता. त्यानं गोंड वस्तीतल्या लक्ष्मणदादांचं नाव सांगितलं. ढेमसा नाचाला त्यांचा ढोल लागतो म्हणाला. मी फेरोजभाईंना फोन केला, कारण बाहेर रेकॉर्डिंग करायची चांगली यंत्रं त्यांच्याकडं होती. ते लगेच तयार झाले. आक्का आणि मी एसटीनं नांदेडला आलो आणि तिथून तिघं मिळून किनवटच्या गाडीत बसलो. आक्का खिडकीशी. गाडी रुळांच्या सांध्यांवरून गेली की त्यांची मान हलायची. फेरोजभाई मला हळूच म्हणाले, "ये रास्ते भर लूप काटती जाएँगी क्या?"

सहस्रकुंड धबधब्याच्या आवाजात ढोल मिसळून घ्यावा अशी फेरोजभाईंची कल्पना होती. आधी आम्ही धबधब्याजवळच बस्तान मांडलं. लक्ष्मणदादा ढोल घेऊन आले, उंच, शांत, साठीकडं झुकलेले. आमची वायरींची मांडामांड पाहून म्हणाले, "पाण्याम्होरं कोन वाजवतं? पानी आयकू दील का?" खरंच होतं. रेकॉर्डिंगमध्ये नुसतं पाण्याचं घोंघावणं आलं. तिथून आम्ही सगळे त्यांच्या वस्तीवर गेलो आणि कडब्याच्या गंजीमागं, वारा लागणार नाही अशी जागा धरली.

सुरू करण्याआधी आक्का त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. "दादा, तुमचा हा तुकडा लांब लांब जाईल. कुनीपन आपल्या गान्यात घालंल. तुम्हाला पटतंय का बघा. न्हाई म्हनलं तरी चालंल."

लक्ष्मणदादांनी विचार केला. "माझं नाव संगं जाईल का?"

"जाईल."

"मंग जाऊ द्या. मी कुठं एवढा फिरनार."

पण वाजवताना अडलं. लूप करायचा तर चाल एकसारखी हवी, म्हणून फेरोजभाईंनी त्यांच्या कानाला हेडफोन लावून टिकटिक ऐकवली. दादांनी चार ठोके दिले आणि हेडफोन काढून ठेवला. "हा मधी मधी बोलतो," ते म्हणाले. हेडफोनविना वाजवलं तर रंगात येऊन लय चढत जायची. फेरोजभाई घामाघूम. "आक्का, ऐसे तो जुडेगा नहीं."

आक्कांनी विचारलं, "दादा, तुम्ही एकटे कधी वाजवता का?"

"एकट्यानं कशाला? नाच असला की वाजवतो."

"मंग नाचच लावा की."

दादांच्या घरच्या आणि शेजारच्या बायका हसत हसत उभ्या राहिल्या. एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून त्यांनी गोल धरला आणि त्यात आक्का. इरकलचा काठ वर खोचलेला, गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी पदराखाली नीट सारलेली, दोन्ही बाजूंना गोंड बायकांचे हात. आधी त्यांचं पाऊल चुकलं, शेजारच्या बाईनं कमरेला धक्का देऊन ते जागेवर आणलं. आणि ढोल सुरू झाला. दादांची नजर पायांवर होती. पाय उतावीळ झाले की ढोल त्यांना धरून ठेवायचा, ढोल पुढं पळायला लागला की पाय त्याला मागं ओढायचे. माती दबदबत होती, पैंजण त्यात मिसळत होते. फेरोजभाई हेडफोन कानाशी घट्ट धरून माझ्याकडं पाहत होते आणि नुसती मान हलवत होते. त्यांच्या यंत्राकडं पाहायची गरजच नव्हती. चाल अशी धरली होती की तिच्यावर भिंत बांधावी. मी कधी गोलात शिरले ते मलाच कळलं नाही.

नाच थांबला तेव्हा आक्का धापा टाकत खाली बसल्या. तोंड लाल झालेलं. फेरोजभाईंनी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि आत्ताचा तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. सांधा कुठं जाणवतच नव्हता. आक्कांनी तो हेडफोन काढून लक्ष्मणदादांना दिला. ते ऐकत राहिले, ऐकत राहिले, मग घरात आवाज देऊन बायकोला बोलावलं आणि तिच्या कानाला लावला.

लातूरला परतल्यावर आक्कांनी त्या तुकड्याला नाव दिलं, "लक्ष्मण, इस्लापूर, ढेमसा". नावासकट तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करून टाकला. श्रावणातल्या सोमवारी भजनी मंडळात त्या लॅपटॉप घेऊनच गेल्या आणि शंकराचं भजन त्या ढोलावर लावलं. बायका आधी बावचळल्या, मग टाळ असे काही चढले की मंदिराबाहेर माणसं थांबली. भजन संपल्यावर थोरल्या बाईंनी विचारलं, "हा वाजवणारा कुठला गं?"

"इस्लापूरचा," आक्का म्हणाल्या. "लक्ष्मण नाव त्याचं." हे सांगताना त्यांचा चेहरा लेकाचा निकाल सांगणाऱ्या आईसारखा झाला होता. थोरल्या बाई म्हणाल्या, "पुढल्या सोमवारी पन आन त्याला." निरोपाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तिकडं फेरोजभाईंनी नांदेडच्या वरातीत तोच ढोल घातला. एका संध्याकाळी त्यांचा वरातीतूनच फोन आला. आक्कांनी तो स्पीकरवर टाकून गल्ल्यावर ठेवला. पलीकडं नुसता गदारोळ, आणि त्यात माइकवर फेरोजभाई ओरडत होते, "ढोल पे हैं लक्ष्मणदादा, इस्लापूरवाले." गिऱ्हाइकं डाळीच्या पिशव्या हातात धरून ऐकत उभी राहिली. अप्पांनी पेपर खाली ठेवला. मी त्यांना पेपर खाली ठेवताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आक्का सुटल्याच. उदगीरची हलगी, देगलूरकडचं डफडं, हदगावच्या जिनिंगमधली सरकी पडतानाची सळसळ. प्रत्येक तुकड्यावर नाव आणि गाव. मी शाळा सोडली आणि नांदेडला फेरोजभाईंच्या स्टुडिओत काम करायला लागले. आजही नवं माणूस आमच्याकडं वाजवायला आलं की मी आधी नाव विचारते, मगच माइक लावते.

मग अप्पांचे गुडघे गेले. जिना चढवेना, गल्ल्यावर बसवेना. मुलगा बंगळूरला नोकरीला, तो म्हणाला आता तिकडंच चला. दुकान विकायचं ठरलं. आक्का रडतील, अडून बसतील असं मला वाटत होतं. मी नांदेडहून निरोप द्यायला आले. दारात गाडी उभी होती, अप्पांना पुढं बसवलेलं. आक्का कुठं दिसेनात. गोदामात गेले तर त्या मधोमध उभ्या होत्या. पोती गेलेली, टेबल गेलेलं, खोली पार रिकामी.

"आक्का, चला, वाट पाहतायत," मी म्हटलं, आणि माझाच आवाज भिंतींवरून फिरून माझ्याकडं आला.

आक्कांचे डोळे चमकले. त्यांनी एक टाळी वाजवली. टाळी वर पत्र्यापर्यंत गेली, तिथून तुटून खाली आली, कोपऱ्यात जाऊन विरली.

"अगं, इतकी वर्सं ही खोली गप बसून होती," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडं यंत्र हाय का?"

माझ्या पिशवीत होतं. आम्ही गोदामाच्या चारी कोपऱ्यांत जाऊन टाळ्या वाजवल्या, दाराची कडी वाजवली, फरशीवर पाय आपटले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता. आक्का म्हणाल्या, "त्याला सांग, हॉर्न आतनं बरा लागून राहिलाय, अजून एकदा दे." ते सगळं मी त्यांच्या मोबाईलवर चढवून दिलं. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि हेडफोन पदरावर चढवत गाडीत जाऊन बसल्या.

गाडी हलली. गल्लीतली सगळी माणसं दारात उभी होती, बायका डोळे पुसत होत्या. आक्कांनी काही मागं वळून पाहिलं नाही. डोळे मिटून त्या मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. आम्हा सगळ्यांना हात हलवून निरोप दिला तो अप्पांनीच.